नामंजूर बोट

मराठी माणूस म्हटलं की बंगाल्याच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात, घोडा आणि समुद्र. घोड्याची गोष्ट खरी आहे. १७४२च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांचे स्वार चौथाईच्या वसुलीला इकडे यायला लागले, ते जवळजवळ दहा वर्षं येतच राहिले. त्यांच्या धास्तीने कलकत्त्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो अर्धवट सोडला, आणि आमचे बारगीर ‘बर्गी’ होऊन इथल्या अंगाईगीतात जाऊन बसले. बंगाली आया पिढ्यानपिढ्या पोरांना आमची भीती घालून निजवत आल्या आहेत. माझ्याकडे बघून शेजाऱ्यांची नात झोपायची सोडाच, खिदळत उठून बसते. तरी आख्ख्या गल्लीने माझं नाव ‘बर्गीबाबू’ ठेवलं ते ठेवलंच.

समुद्राची गोष्ट मात्र साफ खोटी. महाराष्ट्र म्हणजे मुंबई, मुंबई म्हणजे समुद्र, तेव्हा बर्गीबाबूंच्या नसांतून खारं पाणी वाहत असणार, असा इथला सरळ हिशेब. मी भुसावळचा. आमच्यापासून मुंबईचा समुद्र रेल्वेने चारशेहून जास्त किलोमीटर लांब, आणि मध्ये सह्याद्री आडवा. तापी आहे, पण ती आम्ही पुलावरून, रेल्वेच्या खिडकीतून, शक्यतो चहा पिताना पाहतो. आमच्या घराण्यात पोहता येणारा शेवटचा माणूस म्हणजे माझे आजोबा, आणि तेही विहिरीत. पण इथे बराकपुरात, कलकत्त्याजवळ, ‘भुसावळ’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा कोरा होतो, म्हणून मीही हळूहळू ‘मुंबईकडचा’ म्हणायला लागलो होतो. पुढे जे घडलं त्याचं मूळ या ‘कडचा’मध्ये आहे.

नोकरी इशापूरच्या कारखान्यात, तपासणी खात्यात. आमचं मुख्य हत्यार म्हणजे गेज. त्याला दोन टोकं असतात. ‘गो’ टोक भोकात गेलं पाहिजे, ‘नो-गो’ टोक जाता कामा नये. गेलं की नग नामंजूर, लाल शिक्का, पुढचा नग. जन्मभर हे केल्यावर कुठल्याही वस्तूला तिसरं नशीब असू शकतं हे मनाला पटत नाही. “जेवतानासुद्धा पोळीकडे त्याच नजरेने बघता,” असं आमच्या घरात बोललं जातं.

शेजारचे दादा इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. रविवारी संध्याकाळी त्यांच्या बैठकीच्या खोलीत चित्रांची मैफल जमते. दादा एखाद्या चित्राची छापील प्रत पुठ्ठ्यावर डकवून उभी करतात, आणि ज्याची पाळी असेल त्याने त्यावर बोलायचं. मी जायचो ते बौदींच्या, म्हणजे वहिनींच्या, माछेर चॉपसाठी. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाचा आक्षेप नव्हता, कारण गप्प बसून ऐकणारा माणूस बंगालात मिळणं अवघड.

दादांचा लाडका विषय म्हणजे डिसेंबर १९२२. त्या महिन्यात कलकत्त्यात इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टचं वार्षिक प्रदर्शन भरलं, आणि त्यात जर्मनीतल्या वायमारहून, थेट बाउहाउस कलाशाळेतून, क्ले, कँडिन्स्की, फायनिंगर, इटेन यांची कामं आली. हे घडवून आणणाऱ्या स्टेला क्राम्रिश, तेव्हा शांतिनिकेतनात कलेचा इतिहास शिकवत होत्या. एका बाजूला युरोपातले नवे चित्रकार, दुसऱ्या बाजूला बंगालचे अवनींद्रनाथ, गगनेंद्रनाथ, नंदलाल. दादा हे सगळं अशा थाटात सांगतात की कँडिन्स्कीची पेटी हावड्याला त्यांनीच उतरवून घेतली असावी. दादांचा जन्म त्यानंतर वीसेक वर्षांनी झाला आहे. मुद्दा असा, की आधुनिक चित्रकला ही बराकपूर लोकलच्या टप्प्यातली, घरची गोष्ट आहे असं त्या खोलीत मानलं जातं, आणि तिथे बसून ‘मला यातलं काही कळत नाही’ म्हणणं म्हणजे यजमानांच्या घरातलं पाणी नाकारणं.

एका रविवारी दादांनी पुठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. “बर्गीबाबू, एटा आपनार! जाहाज, जल, धोंया! आपनि तो बोंबेर लोक!”

एमिल नोल्डे, ‘एल्ब नदीवरची टगबोट’, १९१०. डौलदार शिडाचं जहाज असतं तर मी निदान कान्होजी आंग्र्यांपासून सुरुवात केली असती. ही होती मोठ्या जहाजांना दोरखंड बांधून ओढणारी, दिवसभर राबून काळवंडलेली बोट. रंग इतका जाड की छापील प्रतीवरसुद्धा बोट फिरवून बघावंसं वाटावं (मी फिरवलं, बौदींनी पाहिलं). धूर, पाणी, आभाळ, सगळं एकाच दमात, एकाच भरल्या कुंचल्याने ओढलेलं.

घरी आल्यावर मी मला जमतं ते केलं. तपासणी अहवालाचा छापील नमुना काढला आणि भरला. नग: बोट, एक. बाह्यरेषा: जाडी एकसारखी नाही. धूर: वजन बोटीपेक्षा जास्त दिसते. पाणी: रंग पाण्याचा नाही, पृष्ठभाग खडबडीत, फटकारे घासून काढलेले नाहीत. पाणी व आभाळ यांतील फरक: मोजता येण्याजोगा नाही. शेरा: नामंजूर, फेरकामासाठी परत. खाली तारीख घातली. हिने तो कागद वाचला आणि विचारलं, “परत कुणाकडे पाठवणार? माणूस आहे का अजून?”

माणूस नव्हता, १९५६ सालीच गेला होता. पण त्याच्याबद्दल वाचत गेलो तसा हा गृहस्थ अहवालात मावेना. जन्माचं नाव हान्सेन. नोल्डे हे जर्मनी-डेन्मार्कच्या सीमेवरच्या त्याच्या गावाचं नाव, ते त्याने लावून घेतलं. या न्यायाने मी एमिल भुसावळकर. १९०५ साली ड्रेस्डेनमध्ये वास्तुकलेच्या चार विद्यार्थ्यांनी ‘ब्र्यूके’, म्हणजे ‘पूल’, नावाचा गट काढला. जे दिसतं ते नव्हे, जे आतून ढवळतं ते रंगवायचं, असा त्यांचा बाणा, म्हणजेच एक्स्प्रेशनिझम. त्यांनी या वयाने मोठ्या चित्रकाराला बोलावून घेतलं, आणि हा जेमतेम दीड वर्ष टिकला. कुणाशी पटत नसे. १९१० साली तो हॅम्बुर्गला गेला, बंदराजवळच्या साध्या खानावळीत मुक्काम ठोकला, आणि लहान बोटींतून बंदरभर हिंडून टगबोटी, धूर आणि पाणी यांची चित्रं, रेखाटनं, छापचित्रं यांचा सपाटा लावला.

हॅम्बुर्गला समुद्र नाही, हे मला नकाशा पाहिल्यावर कळलं. समुद्र तिथून शंभरेक किलोमीटरांवर. पण भरती थेट शहरापर्यंत येते, नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते. म्हणजे हुबेहूब आमची हुगळी! शिवाय पहिल्या महायुद्धाआधी जर्मनी हा बंगालच्या तागाचा मोठा गिऱ्हाईक. नोल्डेच्या टगने ओढलेल्या एखाद्या जहाजात टिटागढच्या बाजूच्या गाठी असतील, अशी कल्पना करून मला उगीचच जवळीक वाटायला लागली.

इथेच थांबलो असतो तर बरं. पण मग इंग्रज चित्रकार टर्नरची गोष्ट वाचनात आली. १८४२ साली त्याने हिमवादळात सापडलेल्या आगबोटीचं चित्र मांडलं, तेव्हा टीकाकारांना त्यात साबणाचा फेस आणि चुना दिसला. टर्नर म्हणे सांगत असे की ते दृश्य पाहण्यासाठी त्याने खलाशांकरवी स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं होतं, चार तास. बहुतेक अभ्यासक म्हणतात ही थाप असावी. मला ती थाप न वाटता कार्यपद्धती वाटली. तपासणी प्रत्यक्ष जागेवर व्हावी, हे आमच्या खात्याचं पहिलं कलम.

सुरुवात बेताने केली, धोबीघाटावरून श्रीरामपूरच्या फेरीबोटीने. चित्र बघताना डोळे किलकिले करावेत म्हणजे तपशील गळून रंग उरतात, असं कुठेसं वाचलं होतं. कठड्याला धरून मी नदीकडे डोळे मिचकावून, मान तिरकी करून, तोंड किंचित उघडं ठेवून बघत राहिलो. शेजारच्या बाईंनी लगबगीने पोराला मागे ओढलं. “बोमि हबे?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पिशवीतून लिंबू काढून दिलं. कठड्याजवळची गर्दी आपसूक पांगली. मला पूर्ण मोकळी जागा मिळाली, लिंबू मिळालं, आणि नदी होती तशीच, भुऱ्या रंगाची, सपाट, नियमात बसणारी राहिली. फेरीबोट फार उंच आणि फार सभ्य असते. नोल्डे पाण्याच्या अंगाला बसला होता. मला डिंगी हवी होती.

त्यासाठी सुट्टीचा जो दिवस मिळाला तो निघाला महालयेचा, म्हणजे आपली सर्वपित्री अमावास्या. पहाटे चारला गल्लीतल्या सगळ्या रेडिओंवरून बीरेंद्रकृष्ण भद्रांच्या आवाजातलं चंडीपठण झालं होतं, सकाळभर घाटावर तर्पणाची रीघ लागली होती. मी पायांत सँडल चढवताना ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, आज पितरांना आपल्याकडे जेवायला बोलावतात. आपण त्यांच्याकडे जायचं नसतं.”

“तासाभरात येतो,” मी म्हणालो.

मासेमारीच्या डिंगीवरचा माझी, म्हणजे नावाडी, म्हातारा होता, अंगावर लुंगी आणि गमछा. पाचशे रुपयांत सौदा ठरला. बाबूंचं घर कुठलं, असं त्याने विचारलं आणि मी सवयीने म्हणालो, मुंबई. त्यावर त्याने माझ्याकडे नव्याने, आदराने पाहिलं. “ता होले ठीक आछे,” असं काहीसं पुटपुटला आणि वल्हं मारायला लागला. काय ठीक आहे, हे मी विचारायला हवं होतं.

भाद्रपद-आश्विनातल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला हुगळीत जी भरती येते ती सावकाश चढत नाही. समुद्राचं पाणी चिंचोळ्या होत जाणाऱ्या मुखातून आत घुसतं, समोरून पावसाळ्याचं पाणी खाली येत असतं, दोघांची गाठ पडली की पाण्याची भिंतच नदीच्या उलट्या दिशेने वर धावत सुटते. तिला इथे ‘बान’ म्हणतात, आणि या दिवसांतल्या मोठ्या बानाला ‘षांडाषांडीर बान’, दोन सांडांची झुंज. कलकत्त्याच्या खाली तिचा जोर जास्त, बराकपूरपर्यंत येता येता ती बरीच थकलेली असते, हे मला नंतर समजावण्यात आलं. मी पाहिली ती थकलेली नव्हती.

घाटावरून कुणीतरी ओरडलं, “बान! बान!” पायऱ्यांवरची माणसं पटापट वर सरकली. दूर, नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एक पांढरी रेघ दिसत होती. मी माझीला म्हटलं, काठाला घ्या. त्याने डिंगी नदीच्या मध्याकडे वळवली. मी मोठ्याने म्हटलं, काठाला! तो हसून आणखी जोरात मध्याकडे. मला हिंदी, मराठी आणि जेमतेम बंगाली येतं. तिन्ही भाषांत काठाची विनवणी करून झाली. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. बान फुटतो काठाशी, उथळ पाण्यात. तिथे बांधलेल्या होड्यांचा चुरा होतो. मध्ये खोल पाण्यात तो नुसता फुगवटा होऊन खालून निघून जातो, म्हणून बानाची हाक आली की माझी लोक होड्या मुद्दाम धारेत नेतात आणि त्याला तोंड देतात. हे मुंबईच्या माणसाला माहीत असणार, किंबहुना तो खास त्यासाठीच आला असणार, असं त्याने धरलं होतं.

पहिल्या उसळीला मी डिंगीच्या तळाशी आडवा झालो. मुद्दाम नव्हे. तिथे गुडघाभर जाळं, वीतभर पाणी आणि दोनचार जिवंत चिंगळ्या होत्या. आता तिथून काय दिसतं ते सांगतो, कारण एवढंच सांगण्याचा अधिकार मी कमावला आहे. क्षितिज दिसत नाही. पाणी खाली नसतं, बाजूला असतं, आणि काही वेळा वर. आभाळ आणि पाणी यांत फरक उरत नाही. दोन्ही पिवळट, गढूळ, आणि दोन्हींचा रोख तुमच्यावर. माझीचं पाऊल एखाद्या गिरणीच्या धुराड्याएवढं दिसतं, त्याचं डोकं सुपारीएवढं. तेवढ्यात पलीकडून एक भुटभुटी, लाकडी डिझेल-बोट, बानाच्या पाठीवर चढत आली. तिच्या धुराचा लोट बोटीपेक्षा मोठा आणि बोटीपेक्षा जड होता. ती पाण्यावर तरंगत नव्हती. पाण्यातून स्वतःला उपसत होती, खाली जात होती, पुन्हा उपसत होती. बाह्यरेषेची जाडी एकसारखी नव्हती.

तीन उसळ्यांनंतर सगळं शांत झालं आणि नदी उत्तरेकडे वाहायला लागली. माझा एक सँडल दक्षिणेला गेला होता की उत्तरेला, ते नक्की सांगता येत नाही. अहवालाचा कागद खिशात होता, तो लगदा होण्याच्या बेतात होता. मी चारी बाजूंनी गळत, एका पायाने अनवाणी, घाटाच्या पायऱ्या चढलो. सकाळपासून तर्पणं सांगून दमलेले एक पुरोहित आवराआवर करत होते. नदीतून ओलाचिंब निघून समोर थरथरत उभ्या राहिलेल्या इसमाचं त्यांनी जे केलं तेच कुणीही केलं असतं. त्यांनी माझ्या ओंजळीत तीळ घातले आणि विचारलं, “गोत्र?” मला नाही म्हणायचा धीर झाला नाही. आजोबांचं, पणजोबांचं नाव सांगितलं, खापरपणजोबा आठवेनात म्हणून ‘यथानाम’वर भागवलं, दक्षिणा दिली. घरी गेल्यावर हिला एवढंच म्हणालो की पितरांचं झालं. ती म्हणाली, “दिसतंय.”

रविवारी ताप उतरला होता, नाक वाहत होतं. मी वाळवून इस्त्री केलेला अहवाल घेऊन दादांच्या बैठकीत उभा राहिलो आणि कलमवार वाचून दाखवला. शेरा बदलला नाही. आमच्या खात्यात एकदा मारलेला शेरा खोडायला वरच्या तीन सह्या लागतात. खाली फक्त एक ओळ वाढवली होती: ‘सदर नग वापरात असताना तपासावा.’ मग डिंगीच्या तळातून दिसलेली नदी सांगितली. धुराच्या वजनाबद्दल बोललो. पहिल्यांदाच त्या खोलीत कुणी मला मध्येच तोडलं नाही, आणि त्याने डोकं फिरून मी वाहवत गेलो. नोल्डेचं गाव १९२०च्या सार्वमतानंतर डेन्मार्कमध्ये गेलं, तो डॅनिश नागरिक झाला. आपल्या समोरच्या काठावरचं श्रीरामपूर १७५५ ते १८४५ डॅनिशांचंच. आणि त्याच श्रीरामपुरात विल्यम केरीने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, पाठोपाठ १८१०मध्ये मोडी लिपीत मराठी कोश! टगबोटीवरून मी मोडीपर्यंत कसा पोहोचलो हे मला समजलं नव्हतं, पण छाती फुगली होती.

तिथे दादांनी मला थांबवलं. “डॅनिश-बिनिश ठीक. पण नोल्डे नाझी होता, ते बोलला नाहीत.”

ते खरं होतं. पक्षाचा सभासद, ज्यूद्वेष्टा. आणि त्याच नाझींनी १९३७ साली त्याची हजाराहून जास्त कामं संग्रहालयांतून उतरवली, त्यांतली काही ‘भ्रष्ट कला’ म्हणून टिंगलीसाठी मांडली, १९४१ साली त्याच्यावर व्यवसायबंदी घातली. युद्धानंतर तो छळाला बळी पडलेला संत म्हणून वावरला, ते बरीच वर्षं खपलंही. बौदी कोपऱ्यातून म्हणाल्या की जर्मनीच्या तेव्हाच्या चान्सेलर मर्केलबाईंनी आपल्या कार्यालयातून त्याचं लाटांचं चित्र २०१९ साली परत पाठवलं, मग आपण पुठ्ठा तरी का ठेवायचा? दादा उसळले. भ्रष्ट ठरवून बर्लिनच्या राष्ट्रीय कलादालनातून काढलेल्या कामांत रवींद्रनाथांचीही चित्रं होती. म्हणजे लाल शिक्का मारणाऱ्यांनी गुरुदेव आणि नोल्डे यांना एकाच यादीत घातलं! आता या यादीकडे बघून चित्र ठेवायचं की काढायचं? लाल शिक्क्याचा विषय निघाल्यावर सगळ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चॉप खाल्ला.

मासळी-संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले एक काका तोवर पुठ्ठा हातात घेऊन बसले होते. १९४७ साली निघालेली ही संस्था बराकपुरात आहे आणि काकांचं बहुतेक आयुष्य या नदीचं पाणी बाटल्यांत भरण्यात गेलं. ते म्हणाले, पाण्याचा रंग अगदी बरोबर आहे. भरतीच्या तोंडाशी तळाचा गाळ वर येतो, उजेड त्यात अडकतो. मला गहिवरून आलं. एका तज्ज्ञाने नोल्डेला आणि पर्यायाने मला मंजुरी दिली होती. मी पुढे काही बोलणार तोच काकांनी विचारलं, “कत निलो?”

“काय?”

“माझी. किती घेतले?”

“पाचशे.”

खोलीत जो हाहाकार उडाला तो एक्स्प्रेशनिझमला कधी उडाला नव्हता. पाचशे! एका फेरीचे! कुणी म्हणालं दोनशे, कुणी दीडशे, बौदींच्या माहेरच्या घाटावर तर ऐंशीत आख्खी दुपार. नोल्डेचा पुठ्ठा कुणीतरी खुर्चीवरून उचलून बाजूला ठेवला आणि खुर्चीवर बसून मुद्दा मांडायला लागलं. मी सुचवून पाहिलं की बानाच्या वेळची फेरी होती, जोखीम होती. दादांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि खालच्या आवाजात विचारलं, “आणि इलिश? पाचशे रुपयांत निदान एक इलिश तरी दिला ना?”

इलिशचे दिवस होते, जाळ्याची डिंगी होती, आणि मी परतलो होतो तो ओंजळभर तीळ घेऊन. उत्तर माझ्या चेहऱ्यावर वाचून बौदींनी माझ्या ताटलीत न विचारता आणखी एक चॉप ठेवला.

पुढच्या रविवारी बोलायला मला चित्र मिळालेलं नाही. पहाटे पाचला पिशवी घेऊन दादांबरोबर मासळीबाजारात हजर राहायचं, मध्ये तोंड उघडायचं नाही, आणि कुणी विचारलंच तर भुसावळचा आहे म्हणून सांगायचं, असं ठरलं आहे.